तो घरी आलाय, पण घरात नाही

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, मी घरी शिवणकाम करते. एक मुलगी, एक मुलगा. मुलगा पावणेसतरा वर्षांचा असताना चौकातल्या भांडणात अडकला. दुसऱ्या एका मुलाच्या हातावर कोयत्याचा वार झाला. कोयता आमच्या मुलाच्या हातात होता. आधी उंटवाडीचं निरीक्षणगृह, मग बाल न्याय मंडळाचा आदेश, असे चौदा महिने तो घराबाहेर होता. आता दीड महिना झाला घरी येऊन. नुकताच अठरा पूर्ण झाला.

दुपारी बारापर्यंत झोपतो. रात्री लाइट बंद करू देत नाही. पाणी प्यायचं असलं तरी ‘पिऊ का?’ विचारतो, ते ऐकून माझ्या पोटात कालवतं. तो जेवायला बसला की मिस्टर ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जातात. गल्लीच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरला होता, बायका अजून त्यावरून बोलतात. आता काय करणार, चूक आमचीच. मुलीला कॉलेजात कोणीतरी बोललं, ती त्याच्याशी धड बोलत नाही. तिच्या लग्नाचंही पुढे बघायचंय. जुनी मुलं मात्र रोज गाडी घेऊन येतात. तो आला त्या रात्री त्यांनी चौकात केक कापला.

दहावी पास आहे, अकरावी अर्धवट राहिली. तिथे वायरिंगचं काम थोडं शिकलाय. कंपनीत लावायचं तर पोलीस व्हेरिफिकेशन मागतात. माझा भाऊ निफाडकडे असतो, त्याची द्राक्षबाग आहे. तिकडे पाठवून द्यावं का? आणि लोकांना काय सांगू?

— एक आई

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात मुलाचं नाव होतं, शाळेचं होतं, चौकाचंही होतं. छापण्याआधी ते सगळं काढलं आणि एक-दोन तपशील बदलले. तसं करणं मला भागच आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असं काहीच, नाव, पत्ता, शाळा, फोटो, कुठल्याही माध्यमात देता येत नाही. दिलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण ग्रुपवर फोटो फिरला त्याबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘आता काय करणार, चूक आमचीच.’ कोयता उचलला ही तुमच्या मुलाची चूक. त्याचा फोटो फिरवला ही फिरवणाऱ्याची. दोन्ही आपल्याच पदरात घेऊ नका. ग्रुप चालवणाऱ्याला शांतपणे सांगा, फोटो काढून टाका, कायद्याने तो ठेवता येत नाही. भांडू नका, पोलिसांत जाण्याची भाषाही पहिल्याच दिवशी नको. बहुतेक लोकांना हा कायदा माहीतच नसतो आणि कळल्यावर ते निमूट काढतात. नाही काढला, तर पुढचा मार्ग आहेच.

आपल्याकडे अजून ‘तो रिमांडला होता’ असंच म्हणतात. कायद्याच्या पुस्तकात मात्र तुमच्या मुलासाठी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा जडजंबाळ शब्द आहे. बोलायला तो कोणालाच येत नाही, पण त्यामागचा विचार मला मोलाचा वाटतो. संघर्ष झाला असेल तर तो मिटूही शकतो. ‘गुन्हेगार’ म्हटलं की ते माणसाचं आडनाव होऊन बसतं, आणि आडनाव जन्मभर सोबत चालतं.

आता तुमच्या प्रश्नांकडे येते. खरं तर तुम्ही विचारला नाहीत अशा एका प्रश्नापासून मला सुरुवात करायची आहे. तो घरी आल्यापासून दीड महिन्यात त्याला ‘ये, बस’ असं कोणी कोणी म्हटलं? पत्र पुन्हा वाचून पाहा. वडील ताट घेऊन उठतात. बहीण बोलत नाही. शेजारच्या बायका कुजबुजतात. तुम्ही त्याच्यावर जीव टाकता, पण तुमचाही सगळा विचार त्याला कुठे ठेवायचं, कोणापासून झाकायचं, याचाच चाललाय. त्याला ‘ये, बस’ म्हणणारी मुलं एकच. त्यांनी गाडीवर जागा दिली, केक कापला, सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं. ती मुलं वाईट आहेत हे तुम्हाला कळतं, त्यालाही कळतं. पण अठरा वर्षांच्या मुलाला कुठेतरी बसावं लागतं. घरात जागा नसेल तर जिथे जागा मिळेल तिथे तो बसेल.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढे जे लिहितेय ते त्या जागेबद्दलच आहे.

वडिलांपासून सुरुवात करू. त्यांच्यावर मी रागावणार नाही. तारखांना सुट्ट्या टाकून कोर्टाच्या व्हरांड्यात तेच उभे राहिले असणार. कंपनीत सुपरवायझरने कारण विचारलं तेव्हा त्यांनी काय सांगितलं असेल ते त्यांनाच ठाऊक. आपल्याकडच्या बापाला दुःख झालं की ते रागाच्याच वाटेने बाहेर येतं, दुसरी वाट त्याला कोणी शिकवलेली नसते. म्हणून ‘त्याला माफ करा’ असं त्यांना सांगू नका. तो शब्द त्यांना आता पेलणार नाही. एकच मागणं मागा: ताट उचलायचं नाही. बोलू नका, त्याच्याकडे बघू नका, टीव्ही बघत जेवा हवं तर. पण त्याच खोलीत, त्याच वेळी जेवा. आठवडाभर एवढं जमलं की पुढे काहीतरी हाताने करायचं काम दोघांत टाका. मुलगा वायरिंग शिकलाय म्हणता. मग घरातला करकरणारा पंखा, ठिणग्या उडणारं बटण, तुमच्या शिलाई मशीनच्या मोटारचा पट्टा, असलं काहीतरी निघेलच. एकाने स्टूल धरायचं, दुसऱ्याने वर चढायचं. ‘पक्कड दे’ एवढ्या दोन शब्दांनी पुष्कळ बाप-लेकांचं बोलणं पुन्हा सुरू झालेलं मी पाहिलंय.

पाण्यासाठी विचारतो, लाइट बंद करू देत नाही, दुपारपर्यंत झोपतो, या गोष्टींनी तुम्ही घाबरलात. मी काही वर्षं अशाच एका संस्थेत शनिवारी मुलांना वाचायला-लिहायला शिकवायला जात होते. तिथे दिवस घंटेवर चालतो. उठायची घंटा, अंघोळीची, जेवणाची, मोजणीची. काय करायचं हे चौदा महिने दुसऱ्यांनी ठरवलं, आणि एका सकाळी ते सगळं अचानक बंद झालं. घरी ना घंटा, ना काम, ना ‘चल’ म्हणणारं कोणी. मग पोरगं झोपून राहतं. तो आळशी झाला असं समजू नका. पाण्याबद्दल विचारतो तेव्हा डोळ्यांत पाणी आणू नका, आणि ‘अरे विचारतोस काय!’ असं ओरडूही नका. ‘घे ना, आणि मलाही दे’ म्हणा. सकाळी साडेसहाला उठवा आणि उठल्या उठल्या त्याचंच असं एक काम द्या. दूध आणायचं, पाण्याची मोटार लावायची, काहीही. पहिले चार दिवस कुरकुरेल. रात्री लाइट चालू राहू द्या, बिल वाढेल तेवढं वाढू द्या. महिन्या-दोन महिन्यांनीही झोप लागत नसेल, दचकून उठत असेल, किंवा जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलू लागला, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करा. तो सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

त्या मुलांबद्दल आता. पंचवीस वर्षांचा एक ‘भाऊ’ आणि त्याच्या मागे पंधरा-सोळाची पोरं, ही रचना आपल्या शहरात आता कुठल्याच वस्तीला नवी नाही. रीलमध्ये कोयता फिरवायला पोरं लागतात, कारण पोर पकडलं गेलं तर लवकर सुटतं हा हिशोब मोठ्यांनी केलेला असतो. कायद्यालाही हा हिशोब माहीत आहे. मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या प्रौढाला याच अधिनियमाच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. पण तुमच्या मुलाला आता एक वेगळी गोष्ट कळायला हवी. तो अठरा पूर्ण झालाय. यापुढे काही घडलं तर मंडळ नाही, निरीक्षणगृह नाही. मोठ्यांचं कोर्ट आणि नाशिकरोडचं मध्यवर्ती कारागृह. हे त्याला एकदा, स्वच्छ शब्दांत सांगा. रोज नको. रोज सांगितलं की ती धमकी होते आणि धमकीची सवय पडते.

‘तुझ्या केसला आम्ही खर्च केला’ असं ती मुलं म्हणतात का, हे त्याला विचारा. हा फास फार वापरला जातो. वकिलाचे, जामिनाचे, आत असताना पोचवलेल्या कपड्यांचे, असे कसले कसले पैसे मोजून दाखवतात आणि मग त्या उपकारापोटी पोराला पुन्हा गाडीवर बसवतात. असं काही देणं खरंच असेल, तर ते वडिलांनी किंवा मामांनी समोर बसून मिटवायचं. मुलाने एकट्याने नाही. त्याचं सिमकार्ड बदला, जुने रील काढून टाकायला सांगा, पण त्याचा फोन चोरून तपासू नका. एकदा पकडलं गेलात की तो तुम्हाला काहीच सांगणार नाही. संध्याकाळी सात ते दहा ही वेळ सांभाळा. चौकात जे काही होतं ते त्याच वेळात होतं. त्या तीन तासांत त्याला कुठेतरी असणं भाग पडलं पाहिजे, मग ती व्यायामशाळा असो, कामाचं ठिकाण असो, नाही तर तुमच्या ब्लाउजांची डिलिव्हरी असो.

लोकांना काय सांगायचं? सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही, आणि कोणालाही खोटं सांगायची गरज नाही. या दोन्हींच्या मधे पुष्कळ जागा आहे. शेजारणीने विचारलं, ‘आला का गं?’ तर म्हणा, ‘हो, आलाय. कामाला लागतोय.’ आणि मान खाली न घालता पुढच्या विषयावर जा. ‘मामाकडे शिकायला होता’ असल्या गोष्टी रचू नका. सिडकोच्या भिंती किती जाड असतात ते तुम्हाला माहीत आहे. खोटं आठ दिवस टिकेल, नवव्या दिवशी पोरगा आणखी खाली जाईल. शिवाय घरातली माणसं आपल्यासाठी खोटं बोलतात हे ऐकताना मुलाला काय कळतं? की आपण खरे असे आहोतच की ज्याबद्दल खरं बोलता येत नाही.

काम देणाऱ्याला मात्र सांगावं, असं माझं मत आहे. मोठ्या कंपनीच्या फॉर्मची गोष्ट वेगळी, तिच्याकडे येते. पण लहान दुकान, गॅरेज, मोटार रिवाइंडिंगचं वर्कशॉप, जिथे मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, तिथे मुलाने स्वतः दोन वाक्यांत सांगावं: माझ्या हातून असं झालं होतं, मी त्याचे महिने भोगून आलोय, मला काम शिकायचंय. आईने शेजारी उभं राहून नाही. त्याने स्वतः. काही जण नाही म्हणतील. तीन-चार ठिकाणी नकार येणार हे आधीच धरून चला, आणि त्या संध्याकाळी घरात त्याला कोणी ‘बघ, म्हणूनच सांगत होतो’ म्हणायचं नाही.

मी शनिवारी शिकवायचे त्यांतला एक मुलगा असाच एका हार्डवेअरच्या दुकानात लागला. मालकाने अट एकच घातली, सकाळी आठला शटर उघडायला तू हवास. तिसऱ्या आठवड्यात त्याने दुकानाची चावी त्या मुलाच्या हातात ठेवली. दोन महिन्यांनी शेजारच्या दुकानात चोरी झाली आणि पोलिसांनी सगळ्यात आधी याला उचललं. मालक ठाण्यात गेला आणि तो सुटेपर्यंत बाकावर बसून राहिला. त्याने तिथे काही भाषण केलं नाही, ‘हा माझ्याकडे आठला येतो आणि नऊला जातो’ एवढंच सांगितलं. चोर दुसराच निघाला. त्या मुलाने मला नंतर सांगितलं की ठाण्यात नेल्याचं त्याला वाईट वाटलं नाही, तशी त्याला सवय होती. मालक घरी जेवायला न जाता बसून राहिला, तेव्हा त्याला रडू आलं.

हे सांगितलं ते तुम्हाला तयार करण्यासाठीही. परिसरात काही झालं तर पोलीस तुमच्या दारात येऊ शकतात. घाबरून त्याला मागच्या दाराने मामाकडे पळवू नका, पळाला की संशय घट्ट होतो. कोणीतरी मोठ्याने सोबत जावं, वकील घ्यावा. पैशांची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे मोफत कायदेशीर सल्ला मिळतो, आणि महिलांना उत्पन्नाची अट नसते. १५१०० हा त्यांचा फोन नंबर. आजच एकदा जाऊन या, अडचण येईपर्यंत थांबू नका.

पोलीस व्हेरिफिकेशनचं तुम्ही विचारलंत. इथे कायदा तुमच्या मुलाच्या बाजूने तुम्हाला वाटतो त्यापेक्षा खूप भक्कम उभा आहे. त्याच बाल न्याय अधिनियमाचं कलम २४ सांगतं की मंडळाने ज्याच्या प्रकरणात निर्णय दिला, त्या मुलाला दोषी ठरल्यामुळे येणारी कुठलीही अपात्रता लागू होत नाही. (सोळा ते अठरा वयाच्या ज्या मुलांना अतिगंभीर गुन्ह्यात बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून दोषी धरलं, त्यांना हे लागू नाही. तुमच्या मुलाचा आदेश मंडळानेच दिलाय.) त्याच कलमात असंही आहे की अपिलाची मुदत किंवा नियमांत ठरलेला काळ संपला की या प्रकरणाच्या नोंदी नष्ट करायच्या. आणि ज्या कलम ७४ बद्दल वर लिहिलं, त्याच्याच पुढच्या भागात म्हटलंय की प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी किंवा इतर कशासाठी पोलिसांनी मुलाची नोंद उघड करायची नाही. म्हणजे प्रमाणपत्रावर या गोष्टीचा उल्लेख यायलाच नको. आला, तर मंडळाच्या आदेशाची प्रत घेऊन विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडे जा आणि दुरुस्ती मागा. ती प्रत घरात जपून ठेवा, मालकाला किंवा शेजाऱ्याला दाखवत फिरू नका.

सरकारी नोकरीसुद्धा बंद नाही. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात उपनिरीक्षक म्हणून निवड झालेल्या एका तरुणाला अल्पवयात दाखल झालेल्या गुन्ह्यावरून नाकारलं होतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला: अल्पवयातली गोष्ट त्याच्या नोकरीच्या आड येऊ शकत नाही. तरी कुठल्याही फॉर्ममध्ये ‘तुमच्यावर कधी गुन्हा दाखल होता का’ असा रकाना दिसला, तर अंदाजाने ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहू नका. फॉर्म घेऊन आधी वकिलाकडे जा. रकान्याची भाषा नेमकी काय आहे, यावर उत्तर अवलंबून असतं.

आता निफाड. तुम्ही पाठवू म्हणता तेव्हा कशासाठी, हे स्वतःला खरं खरं विचारा. लोकांच्या नजरेआड व्हावा म्हणून पाठवणार असाल तर नको. असाच एक मुलगा मुंबईला मावशीकडे नेऊन ठेवला होता. तिथे तो पाहुणाही नव्हता आणि घरचाही नव्हता. चार महिन्यांत परत आला, आणि आला तो थेट जुन्या अड्ड्यावर, कारण घरी परतायचं त्याला तोंड उरलं नव्हतं. पण कामासाठी जात असेल तर वेळ चांगली आहे. ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, तोंडावर आलीय. तिथपासून काढणीपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, बागेत माणूस कमीच पडतो. पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतात, त्यांच्याबरोबर पहाटे उठून काम केलं की रात्री झोपही लागेल. भावाकडून मात्र तीन गोष्टी कबूल करून घ्या. मजुरी इतरांइतकी आणि मुलाच्या हातात. झोपायला बागेतल्या खोलीत एकटा नाही, घरात. आणि आठवड्याला एक दिवस तो नाशिकला घरी येणार. मुलाला विचारल्याशिवाय यातलं काहीच ठरवू नका. चौदा महिने त्याला इकडून तिकडे दुसऱ्यांनीच नेलंय. आदेशात देखरेखीची अट असेल तर जाण्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसरला) सांगणं जरूर आहे.

परिविक्षा अधिकाऱ्यांचं नाव निघालंच आहे तर, त्यांना एकदा भेटाच. पुष्कळ घरं सुटका झाली की तिकडे पाठ फिरवतात, मला ते समजतं. पण संस्थेत त्याची वैयक्तिक काळजी योजना तयार होते. तो काय शिकला, कशात हुशार आहे, कशाला घाबरतो, पुढे काय करायचं ठरलं, हे त्यात असतं. ती मागा. संस्थेतून अठरा पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यांसाठी कायद्यात पुढच्या आधाराची, आर्थिक मदतीची तरतूद आहे. तुमचा मुलगा अठराच्या काठावर सुटलाय, त्यामुळे त्याला ती लागू होते का हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारून घ्या. विचारायला लाजू नका.

जूनमध्ये आयटीआयचे ऑनलाइन प्रवेश येतील. सातपूरला त्र्यंबक रोडवर आयटीआय आहे, दहावी पास चालते. वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. आत जे अर्धवट शिकला ते तिथे कागदावर येईल, आणि अंबड-सातपूरच्या गेटवर तो कागद चालतो. म्हणजे आत्तापासून जूनपर्यंतचे महिने भरायचे आहेत, जन्म नाही. एवढंच एकदम समोर ठेवा. त्याच्यासमोरही.

ताई, आता एक कठीण गोष्ट. तुमच्या पत्रात एक माणूस एका ओळीपुरताच आलाय. ‘दुसऱ्या एका मुलाच्या हातावर वार झाला.’ त्याचा हात आता कसा आहे? त्याला मूठ वळते का? तोही कोणाचा तरी मुलगा आहे, बहुधा तुमच्याच भागातला. तुम्ही स्वतःच्या घरातली आग विझवत होतात, म्हणून तुम्हाला दोष देत नाही. पण तुमचा मुलगा रात्री लाइट बंद करू देत नाही याचं कारण एखादेवेळी इथेही असेल. त्याला विचारा, ‘त्या मुलाची आठवण येते का?’ आणि मग गप्प बसा. लगेच उत्तर येणार नाही. रागावूनही उठेल. काही दिवसांनी स्वतःच विषय काढेल, तेव्हा शिवण बाजूला ठेवून ऐका. त्यांच्या घरी पेढे किंवा फळं घेऊन परस्पर जाऊ मात्र नका. त्या माउलीला तुमच्या मुलाचं तोंड बघायचं नसेल तर तो तिचा हक्क आहे, आणि अशा भेटीचा अर्थ दबाव म्हणूनही घेतला जातो. माफी मागावी असं मुलाला आतून वाटलं, तर परिविक्षा अधिकाऱ्यांना किंवा समुपदेशकांना विचारून, त्यांच्यामार्फत. ते लोक नको म्हणाले तर तिथेच थांबायचं. रस्त्यात समोरासमोर आले तर तुमच्या मुलाने वाट सोडायची, एवढं त्याला आजच सांगून ठेवा.

आणि शेवटी तुमची मुलगी. तिच्या लग्नाची काळजी तुम्ही लिहिलीत, तिची स्वतःची गोष्ट लिहिली नाहीत. भावाने केलं आणि वर्गात तिला ऐकावं लागलं. चौदा महिने घरातलं प्रत्येक बोलणं, प्रत्येक रुपया, प्रत्येक सुट्टी त्याच्या पायी गेली. आता तो परत आल्यावर ‘त्याच्याशी नीट बोल’ हेही तिलाच सांगितलं जात असणार. तिला तसं सांगू नका. तिचा राग खरा आहे आणि तो तिला काही दिवस ठेवू द्या. तिची माफी अजून कोणीच मागितलेली नाही. ती भावाने मागायला हवी, पण त्याआधी तुम्ही मागा. तिला घेऊन एका दुपारी बाहेर जा, दोघीच. मुलाचा विषय तिने काढला तरच काढा, नाहीतर तिला काय खायचंय, पुढे काय शिकायचंय ते बोला.

स्थळाच्या वेळी सांगावं लागेल, आणि सांगाच; लग्नानंतर बाहेरून कळण्यापेक्षा ते बरं. जो मुलगा तेवढ्यावरून नाही म्हणेल त्याला जाऊ द्या. पण ती वेळ अजून दूर आहे. आत्ता तिची परीक्षा आहे की प्रोजेक्ट आहे, तेही तुमच्या पत्रात नाही. जमलं तर पुढचं पत्र तिला लिहायला सांगा. तिने काहीही लिहिलं, कितीही रागाने लिहिलं, तरी मी नाव न छापता उत्तर देईन.